लाल दोऱ्याची काडी

भातकुली
९ नोव्हेंबर २०२४

आबा, पाया पडतो.

पयले कबूल करून टाकतो, मंग बाकीचं. पिशवीतल्या जांबाच्या काड्या आपल्या वावरातल्या नाईत. माणिकबाईच्या परसातल्या आहेत. ती भजनाले गेली होती, मी भिंतीवरून गेलो. एक फांदी कापाची होती, पाच झाल्या. आता ते झाड न्हाव्यानं अर्धी कटिंग करून सोडल्यासारखं दिसून राह्यलं. कालपासून माणिकबाई गल्लीत उभी राहून चोराच्या साऱ्या खानदानाले शिव्या देऊन राह्यली, अन् मी तिच्याच बाजूले उभा राहून मान हालवतो. "कोन असन व मावशी! हात झडो त्याचे!"

पन तुमीच लिवलं होतं ना, फवारा मारलेल्या झाडाची काडी तुमच्या घरच्या जनावरायले चावाले चालत नाई म्हून. आपल्या बांधावर सारा फवारा उडते. माणिकबाई त्या जांबाले तांब्यानं पानी घालते, दुसरं काईच नाई. म्हंजे चोरी केली, पन डोकं लावून केली.

फोन केला की मी एकटाच बडबडतो, तुमी पलीकडून बोटानं टकटक करता. एक टकटक म्हंजे हाव, दोन म्हंजे नाई. घशाच्या ऑपरेशनले आठ महिने झाले, तुमचा आवाज गेला तो गेलाच, पन मले अजून सवय नाई झाली. अन् तुमच्या लाडक्या नातीनं, आचलताईनं देल्लेला काचेचा फोन तुमच्या बोटाले ओळखत नाई. चाळीस वर्सं रंधा मारलेली बोटं, घाबरत असन तो. तं हे चिठ्ठ्यायचंच बरं आहे. माह्या दोस्त धम्मदीप एसटीत कंडक्टर आहे, अमरावती-अकोला ड्यूटी करते, मुक्काम तुमच्याच गल्लीमांगं. पिशवी तो घरी आनून देईन, उत्तर त्याच्याजवळच द्या.

आता मले सांगा, ते डेगू म्हंजे नेमकं काय आहे? आचलताईनं फोटो टाकला होता. उंदीर म्हनावं तं शेपटीच्या टोकाले ब्रश आहे, खार म्हनावं तं पाठीवर पट्टे नाईत.

अन् एका काडीले लाल दोरा बांधला आहे. ते कोडं आहे. तुमी म्हनत होते ना, डोये बांधले तरी लाकूड वासावर ओळखतो? ओळखा मंग. ओळखली तं जनावराले द्या. नाई ओळखली तं फेकून द्या, अन् हारलो म्हून लिवा.

तुमचा चंदन


अकोला
१५ नोव्हेंबर २०२४

चंदन्यास आशीर्वाद.

चोरी केली हे वाईट केलं. माणिकबाईले म्हना शेषराव सुतार एक पाट करून पाठवते. नको, म्हनू नको, तुले झोडपन ते.

डेगू हे दूरच्या मुलखातलं, डोंगरातलं जनावर. आचलनं हौसेनं आनले, अन् पुण्याच्या होस्टेलात जनावर ठेवू देत नाईत म्हून जाताना माह्या गळ्यात बांधून गेली. दोघी बहिनी आहेत. गोल आहे ते बटन, बारीक आहे ते टाचणी. नावं आचलचीच. त्यायचे दात संत्र्याच्या सालीसारखे नारंगी. मले वाटलं कावीळ झाली. जनावरायचे डॉक्टर म्हने, नारंगी तेच निरोगी, पांढरे झाले तं समजा आजारी. अन् ते दात मरेपर्यंत वाढत राह्यतात. लाकूड चावाले नाई भेटलं तं दात वाकडे वाढून जनावर उपाशी मरते. म्हंजे दोघी माह्याच धंद्यातल्या आहेत. रोज लाकूड घासल्याशिवाय भागत नाई.

आता नीट वाच. जांब चांगला, आचल त्याले पेरू म्हनते. तुती चांगली. बोर चालते, पन काटे काढून. दुकानातली फळी नको, तिले औषध मारलेलं असते. चीडाच्या, म्हंजे पाईनच्या, खोक्याचं नको. जर्दाळू, आलूबुखार असल्या झाडाची ओली काडी नको. रस्त्याच्या कडेचं नको. काडी नुसत्या पान्यानं ब्रशनं घासाची, साबन लावाचा नाई, मंग पंधरा दिवस सावलीत वाळवाची. रुई, शेर अन् कण्हेर, तिन्ही जहरी झाडं, यायले तं हातही लावू नको. तू सा वर्साचा होता तवा माह्या भातकुलीच्या दुकानामांगं कण्हेरीची काडी दातात धरून बिडी पेल्याचं सोंग करून राह्यला होता. कानफटात मारली होती, आठवते? तवाच सांगतलं होतं, कापलेल्या कण्हेरीचा वास कडू असते, नाकात बसते, इसरता येत नाई.

शेजारची कुलसुमबी डबा घेऊन येते. पिंजऱ्यापुढं उभी राहून म्हनते, "भाईजान, दुनिया चूहे भगाती है, आप उनको दातून खिलाते हो." मी पाटीवर लिवतो, मेहमान है. ती हसते.

दोघी दिवसभर चिवचिव करतात. घरात बोलनारं आता तेवढंच आहे.

लाल दोऱ्याची काडी बोरीची. वास आल्याबरोबर ओळखली.

शेषराव


भातकुली
२ डिसेंबर २०२४

आबा,

कानफट आठवते. अजून थंडीत तो कान दुखते. बोर बरोबर, पन ते सोपं होतं, बिगारीतलं.

आता पैज लावू. तुमचा तो शिसवीचा लहान रंधा, जो मले लहानपनी हातही लावू देत नोयते, तो लावा. तुमी एकदा हारले की रंधा माह्या. मी हारलो तं जनमभर काड्या पुरवीन, बिना चोरीच्या. म्हंजे बनन तितकं बिना चोरीच्या.

या टायमाले साल काढून टाकलं आहे. आता डोयायचं काम नाई, निस्त्या नाकाचं काम आहे.

माणिकबाईनं जांबाले काटेरी फांद्या बांधल्या. बांधून कोनं देल्ल्या? म्या.

चंदन


अकोला
१० डिसेंबर २०२४

चंदन्या,

तुले वाटलं बुडा आता मोठ्या मोठ्या झाडायची नावं घेऊन फसन. जांबच आहे. त्याच झाडाचा. रंधा जाग्यावर आहे.

तुले एक गंमत सांगतो. माह्या गळ्याले जे भोक पाडलं आहे, त्यातून श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते. लोकायले तो आवाज नको वाटते. देवळात गेलो तं बाया लेकरायले बाजूले ओढतात. आता मी जातच नाई. पन टाचणी पिंजऱ्यातून काढली की सीधी माह्या खांद्यावर येते, गळ्यापाशी तोंड नेते अन् आयकते. शिट्टी वाजली की ते पन चिवचिव करते. मी थांबलो की ते थांबते. तिले वाटत असन की हा बुडा आपल्याच भाषेत बोलून राह्यला. तासभर आमच्या गोष्टी चालतात. काय बोलतो ते आमचं आमालेच माहीत.

बटनाले माह्याशी काई घेनंदेनं नाई. ते फक्त टाचणीच्या तोंडातली काडी ओढते. शंभर काड्या पडल्या असल्या तरी तिचीच पायजे.

काड्या संपत आल्या.

शेषराव


भातकुली
२८ डिसेंबर २०२४

आबा,

टाचणीले सांगा भातकुलीचा चंदन तुले इचारत होता. शिट्टीत सांगा.

या टायमाची काडी मी सोलली, पालिश पेपरनं घासली, महिनाभर कपाटावर वाळवली. दिसाले अशी की गोरी पोरगी लाजन. ही ओळखाले तुमाले एक सेकंद पुरन, अन् मंग मले ज्या शिव्या येतीन त्या वाचाले मी आतापासून पाट मांडून बसलो आहे. एवढं लक्षात ठेवा, ओळखल्याशिवाय जनावराले देऊ नका. हा नियम आहे.

बाकीच्या साऱ्या काड्या तुतीच्या, नांदगाव पेठेतून आनल्या. तिथल्या मिलमधल्या चौकीदाराले इचारून आनल्या. हाव, इचारून. तब्येत बरी आहे माही.

चंदन


अकोला
६ जानेवारी २०२५

चंदन,

टाचणी गेली.

शनिवारी दुपारी तुही पिशवी आली. लाल दोऱ्याची काडी मी पाह्यली. तुती. बाकीच्या तुतीच्या असताना कोड्यातही तुतीच घालाची, हे तुह्यासारख्यालेच सुचू शकते. मागच्या टायमाले जांबाचं तसंच केलं होतं. बरोबर आहे ना? ओळखली म्हून टाचणीले देल्ली. तिले लय आवडली. अर्धी खाल्ली. बटन ओढाले आलं तं या टायमाले तिनं देल्ली नाई, पाठ करून बसली.

रविवारी सकाळी खांद्यावर घेतली तं पकडून राहता येत नोयतं. गळ्यापाशी आनली. मी शिट्टी वाजवली. तिनं तोंड उघडलं, पन आवाज नाई निघाला. रिक्शा करून डॉक्टरकडे नेली. दार उघडाच्या पयले हातातच थंडी झाली. डॉक्टरनं इचारलं, काय खाल्लं? मी पाटीवर लिवलं, गूळ. शुक्रवारी संक्रांतीच्या लाडवासाठी गूळ फोडला होता, तवा खडा खाली पडला, तिनं उचलला. आचलनं जाताना दहा दा सांगतलं होतं, यायले गोड म्हंजे जहर. मी हसलो होतो, एवढ्याशा खड्यानं काय होते म्हून. डॉक्टर म्हने, सांगता येत नाई बावा, काईही असू शकते.

कुलसुमबी भाचीच्या लग्नाले तेल्हाऱ्याले गेली आहे. घर सुनं आहे.

लाल दोऱ्याची काडी तुतीचीच होती ना? लवकर लिव.

शेषराव


भातकुली
८ जानेवारी २०२५

आबा,

हाव. तुतीच होती. तुमी जिंकले.

तुमी जिवाले लावून घेऊ नका. एवढंसं जनावर, थंडी लागली असन.

चंदन


अकोला
१५ जानेवारी २०२५

चंदन,

तुही चिठ्ठी वाचून जीव थाऱ्यावर आला. आता तुले एक गोष्ट सांगतो, ते कोनालेच माहीत नाई, आचललेही नाई. कोनाले सांगू नको.

मले वास येत नाई.

ऑपरेशन झालं तवापासून नाई येत. नाकातून श्वासच जात नाई तं वास कुठून येईन. मोठ्या डॉक्टरनं पयलेच सांगतलं होतं, पन मले तवा आवाजाचंच दुख होतं, याच्याकडे ध्यान नाई देल्लं. घरी आल्यावर दुकान उघडलं, सागाचा तुकडा नाकाले लावला. काईच नाई. चाळीस वर्सं ज्या वासात जगलो तो गेला. मी दुकानाले कुलूप लावलं, लोकायले सांगतलं कमजोरी आहे.

तुह्या पयल्या काडीवर काट्याचा डाग होता, म्हून बोर लिवलं. दुसरी कुलसुमबीनं ओळखली. मी तिच्या नाकापुढं धरली तं म्हने, "अमरूद की बू है इसमें, और क्या." तिले वाटलं मी तिची परीक्षा घेऊन राह्यलो. तिसरीच्या वक्ताले ते तेल्हाऱ्याले होती. दोन दिवस थांबाले पायजे होतं. पन काडी हातात घेऊन मी बसलो, अन् मले वाटलं, आपन शेषराव सुतार, लाकूड हातात आहे अन् शेजारनीची वाट पाहून राह्यलो. म्हून अंदाजानं तुती म्हटलं. तू हाव म्हनला म्हून, नाई तं मले वाटलं होतं का माह्याच खोट्या मोठेपनानं ते गेली. तुती असन तं गूळच. आचलले तसं लिवलं आहे. तिनं फोन केला, लय रडली, मले काई बोलली नाई. मी पलीकडून नुसती टकटक केली.

पन अंदाजावर जनावर ठेवता येत नाई. परवा दूध उतू जाऊन गॅस इझला, मले समजलंच नाई. कुलसुमबी नाकाले पदर लावून धावत आली तवा समजलं. तं तू ये अन् बटनाले घेऊन जा. रंधाही घेऊन जा. मी जिंकलो नोयतो.

टाचणी गेल्यापासून बटन बोलत नाई. तिची अर्धी राह्यलेली काडी कोपऱ्यात पडली आहे, तिकडे पाहतही नाई. आधी तेच ओढाले मरत होती.

शेषराव


अकोला
२ फेब्रुवारी २०२५

चंदन,

तू येऊन गेल्यावर लिवाचं नाई असं ठरवलं होतं. बटन अठीच, माह्याजवळ आहे.

काड्या पोचल्या. घासलेल्या आहेत, वाळलेल्या आहेत. एक इचारतो. हरेक काडीच्या टोकाले दाताचे ठसे आहेत. बटनाचे इतके मोठे दात नाईत. हे काय आहे?

लाल दोरा नाई बांधला ते बरं केलं.

शेषराव


भातकुली
१० फेब्रुवारी २०२५

आचलताई,

तुले म्या कधी चिठ्ठी लिवली नाई, अन् आता लिवतो तं अशी. फोनवर बोलाची माही हिंमत नाई.

तुह्या टाचणीले गुळानं नाई मारलं. म्या मारलं. ते लाल दोऱ्याची काडी कण्हेरीची होती.

मस्करी होती, ताई. आबानं मले लहानपनी कण्हेरीपायी कानफटात हानली होती. मले वाटलं काडी हातात घेताच त्यायले वास येईन, अन् पानभर शिव्या लिवतीन, अन् मी त्या चिठ्ठ्या धम्मदीपले वाचून दाखवीन. आवाज गेल्यापासून आबानं कोनाले शिवी देल्ली नोयती. मले त्या शिव्या पायजे होत्या. एवढंच होतं. आबा कण्हेर ओळखनार नाई असं माह्या सपनातही आलं नाई.

मंग ते गेली म्हून चिठ्ठी आली, अन् आबानं इचारलं तुतीच ना, तं म्या हाव लिवलं. भेलो. त्या एका हाव नं गुळाचा सारा दोष त्यायच्या डोक्यावर बसवला. त्याच्या पुढची चिठ्ठी आली तवा समजलं का आबाले वासच येत नाई. ते चिठ्ठी तुले पाठवून राह्यलो. वाच अन् फाडून टाक.

आता तूच सांग म्या काय कराचं? खोटं ठेवलं तं आबा जनमभर म्हनतीन गुळानं मारलं. खरं सांगतलं तं म्हनतीन माह्या गेलेल्या नाकानं मारलं. पंधरा दिवस मले जेवन गेलं नाई. माणिकबाईनं इचारलं, "काय रे पोट्ट्या, कोनी मेलं काय?" म्या तिले जांबाची चोरी सांगून टाकली. तिनं झाडूनं मारलं. बरं वाटलं.

तं मी अकोल्याले गेलो. पिंजरा खिडकीपाशी होता. बटन कोपऱ्यात गोया होऊन बसली होती. आबा पिंजऱ्याच्या तारेवर एकदा टकटक करत, थांबत, परत टकटक करत. ते मान वर करत नोयती. म्या पयले ते अर्धी काडी उचलून खिशात टाकली, बटनानं तोंड लावाच्या आधी. मंग आबापुढं बसलो अन् सांगतलं. कण्हेर होती म्हून सांगतलं. हाव लिवलं ते खोटं होतं म्हून सांगतलं. आबाच्या हातात पाटी होती, ते खाली ठेवली. त्यायचं तोंड असं झालं ताई, मले पाहवलं नाई. ते नाकाले हात लावून बसले.

तवा म्या अखीन एक खोटं बोललो. म्हटलं, आबा, म्या त्या काडीले संत्र्याचं साल घासलं होतं. लय घासलं. तुमाले फसवाले. वास येत असता तरी तुमाले संत्र्याचाच आला असता. तुमचं नाक असतं तरी काई झालं नसतं. सारं माह्यावालं आहे.

साल बिल काई घासलं नोयतं, ताई. कपाटावर नुसती वाळवली होती.

आबानं माह्याकडे पाह्यलं. मंग पाटी उचलली, लिवलं, "खरं?" म्या टेबलावर एकदा टकटक केलं.

गाल पुढं करून बसलो होतो. त्यायनं मारलं नाई. मारलं असतं तं बरं झालं असतं. उठले, पिंजऱ्यावरचं फडकं नीट केलं अन् पाटीवर लिवलं, "बटन अठीच राह्यन. तू जा." निंगताना शिसवीचा रंधा टेबलावर होता. त्यायनं तो माह्याकडे सरकवलाही नाई, आत ठेवलाही नाई. म्या हात नाई लावला.

ते अर्धी काडी म्या वावरात खोल गाडली. कण्हेर मुयापासून खोदली.

आता काड्या मीच पाठवतो. कापून आनली की पयले मी चावतो. टोक चांगलं चावून चावून खातो, दोन दिवस थांबतो. मी जिता राह्यलो तं पिशवीत टाकतो. शेजारपाजारचे म्हनतात चंदन्या येडा झाला, दातवन करत फिरते. आबा चिठ्ठीत इचारून राह्यले, दाताचे ठसे कायचे. काय उत्तर देऊ?

तुले दोन कामं आहेत. एक, गॅसचा वास आला की वाजते असं यंत्र भेटते म्हनते, ते घेऊन ये अन् आबाच्या घरात लाव. काई बहाना कर. म्हन कॉलेजात फुकट वाटले. दुसरं, बटनाले एकटं ठेवू नको, तिच्या जातीची दुसरी आन. आबा नाई म्हनतीन. तरी आन. त्यायच्या गळ्यातली शिट्टी आयकाले घरात कोनीच नाई आता.

तुही टाचणी मी परत नाई देऊ शकत. तुले माह्यावर राग धराचा असन तं धर, मी कधी माफी मांगाले येनार नाई, लायकी नाई माही. पन साल घासलं नोयतं हे आबाले सांगू नको. वासाचं तुले समजलं हेही त्यायले समजू देऊ नको. कुलसुमबीले नको, धम्मदीपले नको, तुह्या मम्मीले तं बिलकुल नको. आबा लाकडाले हात लावतीन तवा त्यायले वाटलं पायजे का संत्र्याच्या सालीनं फसवलं, नाई तं शेषराव सुतारानं ओळखलंच असतं. तेवढं एकच खोटं उभं राहू दे. तुह्या पाया पडतो ताई, हात जोडतो, कोनाले म्हंजे कोनालेच सांगू नको.

चंदन